लाइन धरा

परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्यासमोरच्या स्क्रीनवर एकच आकडा उरला होता : १.

बारा वाजता तो ३४ होता. साडेबाराला १९, एकला ४. मग ३, मग २, आणि दीड वाजल्यापासून १. मालाडला लिंक रोडलगतच्या आमच्या कॉल सेंटरच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावरच्या हब रूममध्ये, म्हणजे फोनच्या यंत्रांच्या खोलीत, मी शाल गुंडाळून बसले होते. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, आत एसीचा गारठा. रॅकमध्ये डोळ्यांच्या उंचीवर कॉल पुढे नेणाऱ्या दोन पेट्या आहेत, मिठाईच्या मोठ्या खोक्यासारख्या चपट्या. त्यातल्या वरच्या पेटीत नवं सॉफ्टवेअर चढवायचं होतं आणि त्यासाठी ती बंद करून चालू करावी लागते. म्हणून मी तिला 'ड्रेन'वर टाकलं होतं. म्हणजे नवे कॉल सगळे खालच्या पेटीकडे वळवायचे आणि वरच्या पेटीतून जी बोलणी चालू आहेत ती आपापल्या वेळेनं संपू द्यायची.

३३ जणांचं बोलणं संपलं होतं. एकाचं संपत नव्हतं.

ड्रेनच्या शेजारी आणखी एक बटण असतं. ते दाबलं की कॉल चालू असोत नसोत, पेटी तिथल्या तिथे बंद होते. माझ्याबरोबर रात्रपाळीला असतो तो मुलगा वर्षभरापूर्वी लागलेला, कामाला चोख. तो म्हणाला, "मॅडम, एकच तर आहे. तोडू या ना. तीनला आपली परवानगीची विंडो संपते. गरज असेल तर लावतील ते परत."

मी म्हटलं, "थांब जरा."

तेव्हा एवढंच म्हणाले. का थांबायचं ते नीट सांगायचं तर मला ऐंशीच्या दशकातल्या लालबागपासून सुरुवात करावी लागली असती.

आमची चाळ तीन मजल्यांची आणि अख्ख्या चाळीत फोन एक, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. काळा, जड, डायलमध्ये बोट घालून फिरवायचा. चाळीतल्या प्रत्येकाच्या नोकरीच्या अर्जावर, मुलीच्या स्थळासाठी पाठवायच्या पत्रिकेच्या पाठीवर तोच नंबर असायचा आणि पुढे लिहिलेलं असायचं पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांकडचा. आमचं बिऱ्हाड काकूंच्या शेजारचं, त्यामुळे बोलावून आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी सात-आठ वर्षांची असेन. घंटी वाजली की काकू फोन उचलायच्या, कोण बोलतंय, कुणाला बोलवायचंय ते विचारायच्या आणि म्हणायच्या, "लाइन धरा हां, बोलावते." मग रिसीव्हर क्रोशाच्या रुमालावर उताणा ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी जिन्यावरून सुटायचे. "काका, फोन! गावाहून!"

काकूंचा नियम एकच होता. माणूस घरी नसला तरी परत येऊन समोरच्याला तसं सांगायचं. काही न बोलता रिसीव्हर ठेवायचा नाही. उताण्या पडलेल्या त्या रिसीव्हरमधून बारीक आवाज येत राहायचे. तिकडच्या पोस्टातली गडबड, कुणाचं खोकणं, मध्येच "हॅलो? हॅलो?" गावाकडचा फोन म्हणजे बहुतेक वेळा ट्रंक कॉल. तो आधी बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट नाहीतर लाइटनिंग, आणि मग लागेपर्यंत ताटकळत बसायचं. हिशेब तीन-तीन मिनिटांचा. समोरचा माणूस नुसता थांबलेला नसायचा, थांबण्याचे त्याचे पैसे जात असायचे.

एका दुपारी काकू खाली नळावर होत्या म्हणून फोन मीच घेतला. ज्यांना बोलवायचं ते काका घरात नव्हते, नाक्यावर गेले होते. मी धापा टाकत परत आले आणि रिसीव्हर उचलून तसाच जागेवर ठेवून दिला. तो संगमेश्वरहून आलेला ट्रंक होता. पुन्हा लागायला रात्रीचे नऊ वाजले. काकांची आई दुपारीच अत्यवस्थ झाली होती. परळ डेपोतून तिकडे जाणारी संध्याकाळची एसटी तोवर निघून गेलेली.

काकू मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घंटी वाजली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच सांग त्यांना, लाइन धरा म्हणून."

मी टेलिफोनीत आले त्याला आता चोवीस वर्षं झाली. माझं काम घरच्यांनाही धड सांगता येत नाही. मामेबहिणीनं गणपतीत विचारलं, "तुमचं सगळं क्लाऊडवर गेलं ना? मग तू रोज मालाडला जाऊन करतेस काय?" तिचा प्रश्न रास्त होता, आणि आरतीच्या गडबडीत त्याचं उत्तर राहून गेलं. ते इथे देते.

क्लाऊडवर गेलं ते ठरवण्याचं काम. कोणता कॉल कुणाला द्यायचा, कोण किती वेळ ताटकळलंय, कोणत्या एजंटला मराठी येतं, आधी कोणता मेनू ऐकवायचा, रेकॉर्डिंग कुठे जाणार. हे पूर्वी आमच्या खोलीतल्या कपाटाएवढ्या ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसच्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, आणि त्याच्या शेजारच्या चार सर्व्हरमध्ये व्हायचं. आता ते डेटा सेंटरमध्ये होतं. पण आवाज येतो तो जमिनीवरूनच.

समजा, वसईच्या एका बाईंचं कार्ड हरवलंय आणि त्यांनी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावलाय. तो कॉल टेलिकॉम कंपनीच्या एक्स्चेंजमधून फायबरनं आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर येतो. तिथल्या मक्समधून, म्हणजे फायबरवरून एकत्र आलेल्या लाइनी वेगळ्या करणाऱ्या पेटीतून, पीआरआयच्या तारेवर उतरतो, शाफ्टमधून पाच मजले चढतो आणि आमच्या गेटवेत शिरतो. पीआरआय म्हणजे सेकंदाला २.०४८ मेगाबिटची लाइन. तिच्यात ६४ किलोबिटच्या ३२ खोल्या असतात. ३० खोल्यांमधून माणसं बोलतात. एक खोली दोन्ही टोकांना एका तालात ठेवते. आणि उरलेल्या एका खोलीतून फक्त निरोप जातात : अमुक नंबरवरून कॉल आलाय, तमुक नंबरला हवाय, उचलला, ठेवला. तिला डी-चॅनेल म्हणतात. ती बंद पडली की बाकीच्या तीस खोल्या शाबूत असूनही मुक्या होतात. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला आमच्या चाळीचा तिसरा मजला आठवला होता आणि तो अजूनही आठवतो.

गेटवे तो आवाज पाकिटांमध्ये भरतो आणि त्या दोन चपट्या पेट्यांपैकी एकीकडे देतो. आमच्याकडे तिला 'एज' म्हणतात. एज क्लाऊडला विचारते, हा कॉल कुणाचा? क्लाऊड सांगतो, अमक्या एजंटचा. त्यानंतर आवाज एजमधून थेट त्या एजंटच्या हेडसेटकडे जातो. क्लाऊडला फक्त काय चाललंय त्याची खबर जात राहते. मध्येच आमची इंटरनेटची लाइन गेली तरी फ्लोअरवर चालू असलेलं बोलणं तुटत नाही, कारण आवाज इमारतीबाहेर गेलेलाच नसतो.

आवाज सरळ क्लाऊडला देता येतो का? येतो. पुष्कळ ठिकाणी तसंच करतात आणि ते चांगलं चालतं. आम्ही पेट्या ठेवल्या त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. आपल्याकडे साधा टेलिफोन आणि इंटरनेटवरचा आवाज एकमेकांत मिसळण्यावर दूरसंचार खात्याचे कडक निर्बंध होते आणि कॉल सेंटरांची सगळी मांडणी त्यांना धरून झाली. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरांचे नियम बरेच सैल झाले, पण वर्षानुवर्षं ओढलेल्या तारा, केलेले करार आणि लोकांच्या तोंडी बसलेले नंबर नियमाबरोबर बदलत नाहीत.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे, ते म्हणजे अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ऐकायला अफाट वाटतं. पण बोलण्यात एका दिशेला १५० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की माणसं एकमेकांच्या शब्दांवर पाय देऊ लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारसही त्याच आकड्याची आहे. तुम्ही "बोला" म्हणता, पलीकडचाही नेमका तेव्हाच "बोला" म्हणतो, मग दोघंही गप्प, मग दोघंही एकदम. शिवाय वाटेत प्रत्येक यंत्र थोडं थोडं थांबवतं. वसईची बाई आणि मालाडचा एजंट यांच्यात रेल्वेची मोजकी स्टेशनं आहेत. त्यांच्या बोलण्यानं समुद्राखालून सिंगापूरला जाऊन परत का यावं? आता मुंबईतही मोठमोठी क्लाऊड केंद्रं आहेत, त्यामुळे ही अडचण पूर्वीएवढी राहिलेली नाही, हेही सांगायला हवं. तरी आवाज जवळच्या जवळ राहिलेला मला आवडतो.

आवाजाविषयी थोडं आणखी लिहिते, कारण याच गोष्टीसाठी मी या धंद्यात टिकले. फोनवर आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजणी ८ बिटांची. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००, म्हणजे पीआरआयची बरोबर एक खोली. पाकिटांत भरताना त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात, सेकंदाला ५० पाकिटं. या मोजणीत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलेच स्वर मावतात. माणसाचं बोलणं समजायला तेवढे पुरतात, पण 'स'चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो. तो वाटेतच गळतो. म्हणूनच फोनवर 'स' आणि 'फ' सारखे ऐकू येतात, 'साने' आणि 'शाने' यांत गोंधळ होतो आणि आमची मुलं दिवसभर "स साताऱ्याचा का श शहापूरचा?" असं विचारत असतात. लोकांना वाटतं एजंटचं लक्ष नाही. लक्ष असतं. अक्षरच त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. आता जास्त रुंद आवाज नेणारे कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत भरण्याच्या पद्धती, आले आहेत, ते सेकंदाला १६,००० वेळा मोजतात आणि ऑफिसातल्या ऑफिसात फार सुंदर ऐकू येतं. पण कॉल एकदा पीआरआयवरून आला की त्याचं गळालेलं परत जोडता येत नाही.

तर माझं रोजचं काम म्हणजे हे सगळं जागेवर धरून ठेवणं. खोलीचं तापमान बघणं. एसीचं पाणी रॅकच्या बाजूला झिरपत नाही ना, ते बघणं. फॉल्स सीलिंगमधले उंदीर, कारण मुंबईत केबलचा पहिला शत्रू उंदीर आहे. यूपीएसच्या बॅटऱ्या, ज्या तीन-चार वर्षांत थकतात आणि थकल्याचं आपण होऊन सांगत नाहीत. फोनचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर. हेडसेटचे कानावरचे फोम, जे कुठल्याच यादीत नसतात आणि आठ तास घालणाऱ्याला सगळ्यात आधी टोचतात.

यादीत नसलेल्या गोष्टी, हा तर वेगळाच विषय. क्लाऊडवर जाताना आमच्याकडे चारशेवर फोनांची यादी झाली. एक-एक नंबर, एक-एक मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा क्रमांक. जुनं ईपीएबीएक्स बंद करायच्या आदल्या दिवशी मी सहज म्हणून क्रोनसमोर उभी राहिले. क्रोन म्हणजे भिंतीवरची ती चौकट, जिथे इमारतीतल्या सगळ्या तारांच्या जोड्या येऊन खोचलेल्या असतात. एका मॉड्यूलच्या कडेला निळ्या बॉलपेननं, माझ्या आधीच्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलं होतं : "लिफ्ट २. काढू नये." टोनर, म्हणजे तारेत सूर सोडणारं यंत्र, लावून तार शोधत गेले. ती खरोखरच दुसऱ्या लिफ्टमधल्या तातडीच्या फोनकडे जात होती. तशीच एक जोडी गेटवरच्या केबिनला, एक फायर पॅनेलजवळच्या फोनला. साधे, दोन तारांचे फोन. त्यांना मॅक अॅड्रेस नव्हता म्हणून ते कुठल्याच एक्सेलमध्ये आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही ईपीएबीएक्स बंद केलं असतं आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणीतरी तो फोन उचलेपर्यंत ही गोष्ट कुणाला कळलीही नसती. मी त्या तीन जोड्यांसाठी अॅनालॉग पोर्टचं एक छोटं गेटवे मागून घेतलं. ज्यांनी ते चार शब्द लिहून ठेवले त्यांना मी कधी भेटले नाही. नव्या चौकटीवर मी तेच शब्द पुन्हा लिहिले आहेत, मार्करनं, ठळक.

साध्या दोन तारांवर माझा जीव आहे त्याला २६ जुलै २००५ची रात्र कारण आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली तो दिवस. संध्याकाळपर्यंत लिंक रोड दिसेनासा झाला. शंभरावर मुलंमुली फ्लोअरवर अडकली. तळघरातल्या जनरेटरमध्ये पाणी शिरलं, रात्री साडेदहाच्या सुमाराला यूपीएसही संपलं आणि ईपीएबीएक्स विझलं. मोबाइल कुणाचेच लागत नव्हते. मी टॉर्च घेऊन क्रोनपाशी गेले आणि थेट एक्स्चेंजहून येणाऱ्या चार साध्या तांब्याच्या लाइनींवर टेस्टिंगचा फोन लावून बघितला. दोन मुक्या होत्या. दोनवर टोन होता. त्या फोनला आपल्याकडची वीज लागतच नाही. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असते, तिथून त्याच तारेतून त्याला करंट मिळतो.

मी दोन फोन टेबलावर आणून ठेवले. रांग लागली. प्रत्येकाला एक मिनिट, असं मुलांनीच ठरवलं. नालासोपाऱ्याच्या एका मुलाच्या घरी फोन नव्हता. त्यानं त्यांच्या खालच्या वाण्याला लावला आणि म्हणाला, "काका, आईला बोलवता का? मी लाइन धरतो." मग तो रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. एक मिनिट झालं, पाच झाली. त्या पाण्यातून वाणी कुणाला तरी हाका मारत असणार. मागे वीस-पंचवीस जण होते. कुणी घड्याळ बघितलं नाही. जवळजवळ दहा मिनिटांनी त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं की आई आली.

मार्च २०२० मध्ये सगळं उलटं झालं. माणसं घरी गेली आणि यंत्रं एकटी राहिली. दहा-बारा दिवसांत जमेल तसं आम्ही क्लाऊडवर गेलो. एजंट घरून लॅपटॉपवर बोलू लागले. पण बँकेचे नंबर पीआरआयवर होते आणि पीआरआय मालाडला. लोकल बंद. मी कांदिवलीहून चालत यायचे, गळ्यात अत्यावश्यक सेवेचं पत्र. लिंक रोडवर त्या काळात पक्षी ऐकू यायचे. रिकाम्या फ्लोअरवर दिवे बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या, आणि हब रूममध्ये तेवढे हिरवे दिवे लुकलुकत. प्रत्येक लुकलुकीमागे कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय, फक्त इथे कुणी नाही. मी गेटवेवर हात ठेवून तो किती तापलाय ते बघायचे. त्याची गरज नव्हती, तापमान स्क्रीनवर दिसतं. तरी ठेवायचे.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमाराला जवळजवळ अख्ख्या मुंबईची वीज गेली. २००५ मध्ये आमची माणसं इथे होती आणि यंत्रं मेली होती. आता यंत्रं जनरेटरवर ठणठणीत होती आणि माणसांच्या घरचे राउटर बंद. कॉल येत होते, पेट्या ते उचलत होत्या, क्लाऊड एजंट शोधत होता, आणि एजंट एकामागून एक दिसेनासे होत होते. ताटकळणाऱ्यांचा आकडा चढताना बघणं फार अवघड असतं. आम्ही घाईघाईनं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सूचना रेकॉर्ड केली : वीज गेल्यामुळे उशीर होतोय, कार्ड बंद करायचं असेल तर १ दाबा. ते काम माणसाशिवाय होत होतं. मराठीतला आवाज माझा आहे. दुपारनंतर टप्प्याटप्प्यानं वीज आली, एजंट परतले, सूचना काढायची राहून गेली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत.

वेळेचं महत्त्व मात्र मला एका रविवारी कळलं. इमारतीत विजेच्या दुरुस्तीचं काम होतं म्हणून खालची एज काही तास बंद ठेवली होती. चालू केली तर ती क्लाऊडला जोडलीच जाईना. केबल ठीक, इंटरनेट ठीक, दिवे हिरवे, पण क्लाऊड तिला ओळख देत नव्हता. दीड तास गेल्यावर लॉगमधली, म्हणजे पेटीच्या नोंदींमधली, तारीख माझ्या डोळ्यांत भरली. कित्येक वर्षांपूर्वीचा १ जानेवारी. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज जाताच पेटी आजचा दिवस विसरली. एज आणि क्लाऊड एकमेकांना प्रमाणपत्रं दाखवून ओळखतात, आणि त्या प्रमाणपत्रांवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. पेटीच्या हिशेबानं क्लाऊडचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. ती त्याला खोटं समजत होती. नेटवर्कवरून वेळ विचारून घ्यायची सोय असते, १२३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या त्या नंबरच्या दारातून. पण महिनाभरापूर्वी फायरवॉलचे नियम आवरताना तो पोर्ट आमच्याच हातून बंद झाला होता. पेटी चालू होती तोवर कुणाला पत्ता नाही.

मी मालाड स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ची बॅटरी आणली. पेटी उघडून बसवली, पोर्ट उघडला, तारीख आली. मिनिटभरात ओळख पटली.

हे नुसतं जोडणीपुरतं नाही. ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कुणी लबाडी केली, आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत ग्राहकानं कळवलं, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा नाही. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, समजा त्यानं स्वतःच ओटीपी सांगितल्यामुळे पैसे गेले असले, तरी त्यानं कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्या माणसाच्या पैशांची सीमा म्हणजे त्याचा कॉल ज्या मिनिटाला लागला ते मिनिट. ते मिनिट आमच्या यंत्रात लिहिलं जातं. म्हणून आता दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी मी सगळ्या यंत्रांच्या घड्याळांवरून एकदा नजर फिरवते.

तर परवाची रात्र. दोन वाजून वीस मिनिटं. स्क्रीनवर १.

आमच्या पदाला कॉल ऐकता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. त्या मुलाला राहवेना, तो फ्लोअरवर जाऊन आला. रात्रपाळीला मराठी क्यूवर, म्हणजे मराठीतले कॉल घ्यायला, एक मुलगी असते. टीम लीडरनं त्याला हळूच सांगितलं ते त्यानं मला येऊन सांगितलं. "मॅडम, कुणी आजोबा आहेत. कार्ड ब्लॉक झालंय, तक्रार नोंदवून झालीय. पण घाबरलेत. फोन ठेवायला तयार नाहीत. ती त्यांना पाणी प्यायला सांगतेय."

"पिऊ देत," मी म्हटलं.

त्यानं खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला. नंतर एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही त्यानं. दोन पस्तीस झाले. मी मनात हिशेब केला, पेटी उठायला दहा मिनिटं धरली तर पावणेतीनपर्यंत थांबता येईल. नाही जमलं तर उद्या रात्री पुन्हा. परवानगी परत मागता येते.

दोन एक्केचाळीसला आकडा ० झाला.

"कर," मी त्याला म्हटलं. त्यानं बटण दाबलं. वरच्या पेटीचे दिवे विझले, पंखा थांबला आणि खोलीत एकदम शांत झालं. मग पंखा पुन्हा घरघरला, केशरी दिवा लागला, बराच वेळ तसाच राहिला. तारीख बरोबर होती, मी आधी तेच बघितलं. प्रमाणपत्र पटलं. ट्रंक, म्हणजे तिची गेटवेशी असलेली जोडणी, वर आला. हिरवा.

दोन छप्पन्नला तिच्यावर पहिला कॉल आला. स्क्रीनवर पुन्हा १.